हॅना व्हायचंय म्हणालीस तेव्हा

लातूर,
रविवार, रात्री

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल उद्या निघेल. नंदूमामा तुरीच्या कामानं गुलबर्ग्याला चाललाय, तिथून तुझ्याकडच्या लिंगसुगूरच्या गाडीत देतो म्हणालाय. त्यातच हे पत्र घालते. फोनवर मी तोंड उघडलं की तू "आई, परत तेच?" म्हणतेस, आणि तुझं खरंही असतं. म्हणून कागद घेतला. तू नोकरीला लागलीस त्या सोन्याच्या खाणीचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले आहे. आज दुपारच्या सिनेमाबद्दल लिहायचं आहे, तेवढंच.

जेवणं झाल्यावर दादाच्या ओमूनं रिमोट हातात घेतला आणि चॅनल बदलता बदलता आपलाच सिनेमा लागला. 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ', तोच, ब्रेंडन फ्रेजरचा, हिंदीत बोलणारा. तो ढगळ कपड्यातला प्रोफेसर, त्याचा रुसलेला पुतण्या शॉन आणि आइसलँडची ती डोंगरवाटा दाखवणारी हॅना. मी भांडी तशीच टाकून बसले. ओमूनं पहिल्यांदाच पाहिला. चमकणारे पक्षी आले तेव्हा तो सोफ्यावर उभा राहिला, हवेत तरंगणाऱ्या दगडांवरून शॉन एकटा जायला लागला तेव्हा माझ्या मांडीत येऊन बसला, आणि शेवटी ते तिघं डायनासोरच्या कवटीत बसून व्हेसुव्हियसच्या तोंडातून बाहेर फेकले गेले तेव्हा एवढा ओरडला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. तू तेव्हा अशीच ओरडायचीस. तुझ्या वेळी मात्र लोडशेडिंग होतं. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि तू देवापुढं हात जोडून "डायनासोर येईपर्यंत तरी राहू दे" म्हणायचीस. कितीदा आपण तो सिनेमा निम्म्यातच सोडला. आधी त्याचा शेवट पाहिला, मग मधला भाग, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी.

पप्पांचं आठवतं का? "हे सगळं आपल्याच अंगावर का फेकायलेत?" असं विचारायचे. यो-यो आला, मोजायची टेप आली, माशांचे जबडे आले, सगळं थेट आपल्या तोंडावर. तो सिनेमा २००८ साली थ्रीडीसाठी काढलेला होता, चष्मा लावून बघायचा होता, हे आपल्याला फार उशिरा कळलं. आपल्या छोट्या टीव्हीवर चष्मा कुठला? पण तू प्रत्येक वेळी मान खाली घालायचीस, आणि तुझं बघून दादा. मला वाटतं, त्या सिनेमाची खरी मजा तुम्ही दोघांनीच घेतली. लोक म्हणतात, त्यात विज्ञान कुठं आहे, पृथ्वीच्या पोटात असं काही नसतं. नसेना का. घरातली सगळी माणसं एका जागी बसून, एकाच वेळी घाबरून, एकाच वेळी हसतात, असे सिनेमे किती असतात? कुणी कुणाला मारत नाही, शिव्या नाहीत, बाईला उगाच नाचवलेलं नाही. मला तो तेव्हाही आवडायचा आणि आजही आवडला. पोरांसाठी म्हणून बघितला असं मी सांगणार नाही.

एक मात्र आज नव्यानं दिसलं. ते तिघं खाली जातात ते एका बंद पडलेल्या खाणीतूनच की! गुहेचं तोंड दरड कोसळून बंद होतं, परतायची वाट उरत नाही, आणि मग ती जुनी खाण. रुळावरच्या ट्रॉल्यांतून सुसाट जातात ते मला पक्कं आठवत होतं, तुम्ही दोघं पलंगावर बसून ती ट्रॉली ट्रॉली खेळायचात. पण ती खाण आहे हे मी कधी मनावर घेतलंच नव्हतं. आज मी ट्रॉली बघितलीच नाही. मी वरचं छत बघत होते.

बघ, आलंच ते.

आता आलंय तर एवढंच विचारते. तुझ्या त्या कर्नाटकातल्या हट्टी गावच्या खाणीत छताला बोल्ट मारतात म्हणालीस, ते किती दिवसांनी तपासतात? आणि सुटे दगड आधी पहारीनं पाडून घ्यायचे आणि मगच खाली उभं राहायचं, त्याला तू लूज ड्रेसिंग म्हणालीस, ते झालंय की नाही हे तू स्वतः बघायचंस की दुसऱ्याच्या शब्दावर जायचंस? स्वतः बघ. साहेब म्हणाला झालंय, तरी बघ. पोरगी भित्री आहे असं कुणी म्हणालं तरी बघ. खाली उतरताना बिल्ला टांगायचा असतो आणि वर आल्यावर काढून घ्यायचा असतो, तो नियम मला फार आवडला. कोण खाली आहे ते त्या फळीवर दिसतं. तो बिल्ला कधी दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. दिव्याची बॅटरी स्वतः तपासून घे. पाणी जास्तीचं ने. डोक्यावर काय आहे ते पाहिल्याशिवाय खाली नजर घालू नकोस, दगड कितीही चांगला दिसला तरी.

रागावू नकोस. वर्गात बोलायची सवय घरी येते. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तू भूशास्त्रातली एम.एस्सी. आहेस, मी पाचवीला परिसर अभ्यास शिकवणारी बाई आहे. पुन्हा सिनेमाकडे येते.

त्यात ती जागा आहे ना, तिघं एका पातळशा थरावर उभे असतात आणि प्रोफेसर सांगायला लागतो की हे मस्कोव्हाइट आहे, फार पातळ असतं, आणि पायाखाली तडतड वाजायला लागतं. तू बारावीला असताना अभ्रकाचा एक पापुद्रा घेऊन आलीस आणि म्हणालीस, "आई, हेच ते मस्कोव्हाइट. ह्याच्यावर ते उभे होते!" आणि नखानं त्याचे पदर काढून दाखवलेस. मला ते फार भारी वाटलं होतं, तेव्हा बोलले नाही. त्याच्याही आधीचं म्हणजे तुझा तो बुटाचा खोका. अण्णांच्या शेतात विहीर खोदली तेव्हा काळ्या दगडाच्या पोकळीत गारगोट्या निघाल्या होत्या, पांढऱ्या, गुलाबीसर, सुयांसारख्या टोकांच्या. मजूर बाजूला टाकायचे आणि तू फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचीस. खोका अजून माळ्यावर आहे. पुढं तूच नावं सांगितलीस, स्टिल्बाइट, अपोफिलाइट. लाव्हा थंड होताना आत बुडबुडे राहतात आणि त्यांत हे हळूहळू वाढतं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आपला दगड. अण्णा ऐकत बसायचे आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या विहिरीत साडेसहा कोटी वर्षांचा माल आहे.

आता जे लिहिते ते तुला थोडंफार माहीत आहे, पण सबंध कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला तो सिनेमा मी पुन्हा पुन्हा का बघू द्यायचे? पप्पा म्हणायचे, अभ्यास कधी करणार ही पोरं. मी म्हणायचे, बघू द्या.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे थकून झोपले होते. चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. सास्तूरचं आपलं घर तू पाहिलेलं नाहीस, तुझ्या जन्माआधीच ते गेलं. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, म्हणजे वजन वाढतच जायचं. उन्हाळ्यात गार राहायचं म्हणून सगळे त्या घराचं कौतुक करायचे. भूकंपानं माणसं मारली नाहीत, माळवदांनी मारली, असं अण्णा अजून म्हणतात. बाईआजी आणि धाकटा आतच राहिले. मी अंगणात होते, कारण उकडत होतं म्हणून बाहेर अंथरूण टाकलं होतं. त्या पट्ट्यात हजारो माणसं गेली, अख्खी गावं दुसरीकडं नव्यानं वसवावी लागली. त्यानंतर किती वर्षं तरी मला जमिनीवर पाठ टेकून नीट झोप यायची नाही. खालून काहीतरी येईल असं वाटायचं. लग्नानंतर लातूरला आले तरी ट्रक गेला की मी उठून बसायचे, पप्पांना विचार.

आणि मग तो सिनेमा. जमिनीच्या पोटात उतरतात आणि माझी लेकरं हसतात. प्रोफेसर पडतो, धडपडतो, ओरडतो, आणि पुन्हा उठून काहीतरी खुळ्यासारखं बोलतो. त्या दिवशी तुम्ही दोघं हसलात आणि तुमच्याबरोबर मीही हसले, जमिनीच्या आतलं काहीतरी बघून. मला ते फार मोठं वाटलं गं. म्हणून मी बघू द्यायचे.

तू कॉलेजात असताना एकदा म्हणालीस, "आई, भूकंप नसते तर पृथ्वीच्या आत काय आहे ते माणसाला कळलंच नसतं." इंगे लेहमान नावाच्या बाईनं भूकंपाच्या लाटा तपासून १९३६ साली सांगितलं की गाभ्याच्या आत आणखी एक घट्ट गाभा आहे. मला तेव्हा फार राग आला होता. माझ्या घरची माणसं काय तुमच्या अभ्यासासाठी गेली का, असं मनात आलं. तुझ्याशी धड बोलले नव्हते. मग तू किल्लारीला जाऊन आलीस आणि सांगितलंस की भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल भोक पाडलं, ३३८ मीटर आपला काळा दगड, मग गाळाचा पातळ थर आणि त्याखाली फार जुना खडक. तू वहीत रेघा मारून दाखवत होतीस आणि मी ऐकत होते. आपल्या घराखाली काय होतं ते मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि ते माझ्या पोरीनं सांगितलं. मला त्या दिवशी वाटलेला अभिमान तुझ्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

तू टेबलावर ठेवून गेलीस ते ज्यूल व्हर्नचं पुस्तक रात्री वाचते आहे. लहानपणी आमच्या शाळेच्या पेटीत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न असायचा, पण पेटीची किल्ली हेडमास्तरांकडे. १८६४ सालची गोष्ट, आणि अजून सोडवत नाही. सिनेमावाल्यांनी बरंच बदललं आहे. पुस्तकात ते इटलीतच पण स्ट्रॉम्बोलीतून बाहेर येतात. आणि पुस्तकातला वाटाड्या हान्स, तो एक अक्षर न बोलणारा आइसलँडचा गडी, सिनेमात त्याची हॅना केली. मला विचारशील तर हे फार चांगलं केलं. पैसे आधी ठरवते, दोर बांधते, जिथं हे काका-पुतणे गडबडतात तिथं ती नुसतं बघते आणि वाट काढते. तिसरीत असताना तू म्हणालीस, "मला हॅना व्हायचंय." दादा म्हणाला, "तू शॉन हो, हॅना मोठी आहे." तू म्हणालीस, "मग मी मोठी होईन." मी पोळ्या लाटत होते. हसून सोडून दिलं.

पुस्तकात एक जागा तुला आठवते का? डोंगराच्या पोटात उतरायच्या आधी तो काका आपल्या पुतण्याला कोपनहेगनच्या एका चर्चच्या मनोऱ्यावर नेतो. बाहेरच्या बाजूनं गोल गोल जिना. पोराला भोवळ येते, तो रांगत वर जातो, तरी काका ऐकत नाही, रोज नेतो. खोल बघायची सवय व्हावी म्हणून. मला वाचताना दौलताबाद दिसलं. आपण किल्ल्यातल्या त्या अंधारी भुयारातून गेलो तेव्हा तू लहान होतीस. मशालवाल्यानं मशाल विझवली आणि सगळे किंचाळले, मी तुझं मनगट घट्ट धरलं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "आई, माझा हात दुखायलाय, आणि परत जाऊ या का?" ती सवय तुला मीच लावली की काय, असा विचार आज दिवसभर डोक्यात आहे. किल्ला मी दाखवला, सिनेमा मी बघू दिला, विहिरीवर मी नेलं. मग आता मी कोण तुला अडवणारी?

आणि अडवत नाहीच आहे. अण्णांना तर एवढा आनंद झालाय की काय सांगू. त्यांच्या हिशेबी तू परराज्यात गेलेलीच नाहीस. १९५६ पर्यंत हट्टीचा रायचूर जिल्हा आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो, म्हणजे पोरगी आपल्याच मुलखात आहे, असं ते पारावर सांगतात. हट्टीजवळच मस्की आहे, तिथला अशोकाचा शिलालेख १९१५ साली सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या एका इंजिनिअरला सापडला आणि त्यात अशोकाचं नाव स्पष्ट लिहिलेलं निघालं, हे तू त्यांना सांगितलंस ना? ते आता पाठ झालंय त्यांचं. सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन फोटो पाठव. खाली उतरलेला फोटो नको. मस्कीचा पाठव.

२०१९ सालापर्यंत बाईला जमिनीखाली काम करायला कायद्यानंच मनाई होती. तू सही करून दिलीस, स्वतःच्या राजीखुशीनं उतरते म्हणून. सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच पाठवतील म्हणालीस, त्या सातचं माझ्या मनानं पक्कं धरलंय. सात वाजून गेले की मला घड्याळ दिसायला लागतं. बाया उतरायला लागल्या याचा मला आनंद आहे, खरा आनंद. शाळेत पोरींना मी तुझंच उदाहरण देते. पण घरी आल्यावर वाटतं, दुसऱ्या कुणाची तरी पोरगी आधी उतरली असती तर? हे वाईट आहे, कळतं मला. असं वाटतं ते वाटतं.

त्या सिनेमात शॉनची आई सुरुवातीला येते. पोराला काकाकडे सोडते, नवऱ्याच्या जुन्या वस्तूंचा खोका देते आणि जाते. तिचा नवरा आधीच खाली गेलेला आणि परत न आलेला. आणि तिचा मुलगा त्याच वाटेनं निघालाय, हे तिला माहीतच नाही. आजवर एवढ्यांदा बघितलं, पण त्या बाईकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. खाली शॉनच्या बापाचं प्रेत सापडतं, त्यानं पोराच्या वाढदिवसाला लिहिलेलं पत्र काका वाचून दाखवतो. तिथं आपल्या घरात नेहमी शांतता व्हायची आणि पप्पा पाणी प्यायला उठायचे. आजही उठले. तेवढंच एक ठिकाण आहे जिथं तो सिनेमा खेळ थांबवतो, आणि लगेच पुढच्या प्रसंगात पुन्हा मासे अंगावर येतात. मला ते बरं वाटतं. रडायला जास्त वेळ देत नाहीत.

ओमूनं त्याच वेळी विचारलं, "आजी, जमिनीखाली समुद्र असतो का?" काय सांगू? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आठवलं. त्या उन्हाळ्यात पप्पांनी बोअर घेतला, पाइपावर पाइप खाली गेला आणि वर नुसता फुफाटा. तू त्या धुळीत उभी राहून थरांचे रंग लिहून घेत होतीस आणि पप्पा डोक्याला हात लावून बसले होते. खाणवाल्यांनी आधी घेतलं म्हणून तू तिकडे गेलीस, पण मला मनातून वाटतं, तुझं खरं काम इथं आहे. आपल्या दगडात पाणी कुठं मुरतं, कुठं थांबतं, ते सांगणारं माणूस लातूरला पाहिजे. हट्टीत शिकून घे. दोन-चार वर्षं. मग इकडे भूजलच्या जागा निघतात, त्या बघत जा. हे तुला परत आणण्यासाठी म्हणते असं वाटेल. त्यासाठीच म्हणते, पण तेवढ्यासाठीच नाही.

ओमूला मी सांगितलं की रशियात माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोकसुद्धा १२,२६२ मीटरचंच आहे, तिथंच १८० अंश उष्णता लागली आणि थांबावं लागलं. पृथ्वीचा मध्य ६,३७१ किलोमीटरवर आहे. तो म्हणाला, "मग आत्या जाईल." मी काही बोलले नाही. तुझ्या त्या अडीच हजार फुटांच्या खाली किती गरम होतं? पंख्याची हवा शेवटपर्यंत येते का? छत तिथं दगडाचंच असतं ना, अख्ख्या दगडाचं? माती नसते ना वर?

बरं, पार्सलमध्ये काय आहे ते लिहिते, म्हणजे खराब व्हायच्या आत खाशील. धपाटे आधी संपव, ते चार दिवसांच्या वर टिकायचे नाहीत. शेंगापोळ्या आणि कडक भाकरी टिकतील. शेंगदाण्याची चटणी दोन डब्यांत आहे, एक तुझा आणि एक बरोबरच्या पोरींना. येसराचं पीठ वेगळं बांधलंय, फोडणीत लसूण जास्त घाल. सुती ओढण्या चार आहेत, घाम येतो म्हणालीस म्हणून. खाली नेऊ नकोस मात्र, यंत्रात अडकेल, वरच्यासाठीच आहेत. पप्पांनी एक छोटा टॉर्च घातलाय. तुमचा दिवा हेल्मेटला असतो असं मी सांगितलं, तरी घातलाय. खिशात राहू दे.

शिफ्टची वेळ पक्की झाली की कळव. वर आल्यावर नुसता मिस्ड कॉल दे, बोलायला वेळ नसला तरी चालेल. पप्पा आता हे पत्र वाचायला मागतायत, त्यांना देत नाही.

तुझी,
आई

ता. क. ओमूला हॅनासारखं हेल्मेट पाहिजे. दिवाळीला येताना तुमच्याकडं जुनं असेल तर विचारून बघ, नसेल तर राहू दे, उगाच कुणाकडे मागू नकोस.